सीताफळ मऊ कसं पडतं?

ताईंनो, कपिलधारच्या डोंगरातलं सीताफळ तोडताना टणक असतं. दोन-तीन दिवसांत ते मऊ कसं पडतं?

फळ म्हणजे असंख्य बारीक पेशी. घराला असते तशी प्रत्येक पेशीला भिंत असते. फळ वाढताना झाडातली ऑक्झिन, जिबरेलिन ही संजीवकं ही भिंत थोडी सैल करतात. पेशी फुगते आणि भिंतीत नवा माल भरला जातो. फळ पक्व झालं की इथिलीन हे वायुरूप संजीवक तयार होतं. दगडांमध्ये गारा असतो तसं पेशींना जोडणारं पेक्टिन असतं. इथिलीनमुळे ते विरघळायला लागतं. भिंती ढिल्या, गर मऊ!

म्हणून डोळे उघडलेलं, खाचा पिवळसर-पांढऱ्या झालेलंच फळ तोडा. कोवळं तोडलेलं नीट पिकत नाही, काळं पडतं. विक्रीच्या क्रेटात पिकलेलं फळ ठेवू नका. त्याचं इथिलीन शेजारच्या फळांनाही पिकवतं आणि बाजार गाठेपर्यंत माल मऊ होतो. घरी लवकर पिकवायचं असेल तर मात्र टोपलीत एक पिकलेलं मुद्दाम ठेवा.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव राखणं आपल्या तोडणीवर आहे.