दोन पाख्यांचा हिशेब

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीं, पोलादपूर-महाडकडे, कांहीं जुनीं कौलारू घरें अशीं असतात कीं त्यांचें आढें मधोमध नसतें. पुढें पडवी काढल्यामुळें त्या बाजूचें पाखें लांब उतरतें व मागचें आंखूड राहतें. असें छप्पर दिसावयास साधें. परंतु त्याचें सामान मोजतांना भलेभले फसतात. शहरांत राहून गांवच्या घराची दुरुस्ती दुरून करविणारांनीं तर हा हिशेब अवश्य समजून घ्यावा.

समजा, छपराची लांबी ३० फूट आहे. आढ्यावरून ओळंबा सोडला, तर तेथून पुढच्या वळचणीपर्यंतचें आडवें अंतर १६ फूट व उतार १२ फूट भरतो. मागें तेंच अंतर ८ फूट व उतार ६ फूट. काटकोन त्रिकोणाच्या नियमानें पुढचा वासा २० फूट व मागचा १० फूट येतो. अंतर भिंतीपर्यंत न घेतां पागोळी पडते तेथपर्यंत घ्यावें.

आतां एखादा घाईचा मनुष्य म्हणेल, "एकूण वासा ३० फूट, दोन्हींकडे पंधरा-पंधरा फुटांचे आणा." दर २ फुटांस एक वासा धरल्यास प्रत्येक पाख्यास १६ वासे लागतात. गंमत अशी, कीं दोन्ही हिशेबांनीं लांकडाची एकूण लांबी ४८० फूटच होते, आणि क्षेत्रफळही ९०० चौरस फूटच. कागदावर चूक दिसत नाहीं. ती दिसते वासे चढवितांना: पुढचे सोळाही वासे ५ फुटांनीं आंखूड! जोड द्यावा, तर वर कौलांचा मोठा भार पडावयाचा असतो.

कौलें मात्र नुसत्या क्षेत्रफळावरून मोजूं नयेत. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कारखाना काढला, तेव्हांपासून प्रसिद्ध झालेलीं मंगलोरी कौलें एकमेकांत अडकून बसतात. बसविलेलें एक कौल साडेबारा इंच उंच व ८ इंच रुंद जागा झांकतें असें धरूं. क्षेत्रफळानें १,२९६ कौलें येतात. पण पुढें १९ ओळी अपुऱ्या पडून २० लागतात. मागें १० लागतात. एका ओळींत ४५ कौलें. म्हणजे १,३५० झालीं. फुटतुटीसाठीं शेंकडा ५ मिळवून १,४२० मागवावीं. दर ओळीस एक रीप, म्हणजे रिपा ९०० फूट. आढ्यावरचे कोने निराळे.

हा काटेकोरपणा कशासाठीं? ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्यांतील अनेक घरांचीं छपरें उडविलीं, तेव्हां पावसाळा दाराशीं येऊन ठेपला होता. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत आंबेनळीचा रस्ता दरडींनीं बंद पडला. अशा मुलुखांत कमी पडलेलीं पन्नास कौलें मागाहून येतील, या भरंवशावर राहतां येत नाहीं; हातभर उघड्या जागेंतून मातीची भिंत एका पावसांत भिजून बसते. म्हणून पाखीं दोन, तर मापेंही दोन घ्यावींत. आणि सरासरी काढण्याचा मोह आवरावा.