केसपेपरवर शिसे लिहिले आहे का?

घर एका खोलीचे. वडील जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या शेडमध्ये कामाला. संध्याकाळी ते घरी येतात तेव्हा तीन वर्षांची मुलगी धावत येऊन त्यांच्या पायाला मिठी मारते. अंगावर कामाचेच कपडे असतात. पुढे काही महिन्यांनी मुलीचे पोट दुखू लागते, भूक मंदावते, ती चिडचिड करते, फिकट दिसते. आई तिला दवाखान्यात नेते. केसपेपरवर लिहिले जाते, "पोटदुखी, रक्तक्षय". लोहाचे सिरप आणि जंताची गोळी मिळते. महिनाभराने पुन्हा तेच.

असे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. डॉक्टरांनी लिहिलेले खोटे नाही. पोट दुखतेच आहे, रक्तही कमी आहे. पण ते का, हे कागदावर आलेलेच नाही. वडील काय काम करतात हे कुणी विचारले नाही आणि घरच्यांनीही सांगितले नाही.

शिसे शरीरात काय करते?

शिसे तोंडावाटे आणि श्वासावाटे शरीरात जाते. बॅटरीची पावडर, भट्टीचा धूर, डाग देण्याच्या कामातला धूर, जुन्या रंगाचे पोपडे, त्यात मिसळलेली धूळ हे त्याचे मार्ग. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. शिवाय गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या मानाने चार-पाच पट अधिक वाटा लहान मुलाचे शरीर शोषून घेते. पोटात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. म्हणजे आधीच कुपोषित असलेल्या लेकराला मार दुप्पट.

शिसे रक्त तयार होण्याच्या कामात अडथळा आणते, म्हणून रक्तक्षय होतो. ते मेंदूवर परिणाम करते. मूल अभ्यासात मागे पडते, लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला "मठ्ठ" म्हणून मोकळे होतो. खूप जास्त शिसे गेले तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. हे विष हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

बहुतेक मुलांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. हिमोग्लोबिनच्या तपासणीतही शिसे दिसत नाही. त्यासाठी रक्तातील शिशाचीच वेगळी तपासणी लागते. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांमध्ये ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर शिसे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयाच्या देखरेखीखाली द्यावी लागतात.

आजाराला नंबर असतो

मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक निदानाला एक संकेतांक देतात. जगभरची ही यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत शिशाच्या विषबाधेचा संकेतांक टी ५६.० आहे. कारण न सांगितलेल्या रक्तक्षयाचा वेगळा, डी ६४.९. पोटदुखीचा आणखी वेगळा. अमेरिकेने तर विषबाधा झाली नसली तरी शिशाशी संपर्क आला, एवढ्यासाठीही स्वतंत्र संकेतांक ठेवला आहे, झेड ७७.०११. तिथल्या गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेत मुलांची शिशाची तपासणी पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास करायची असते.

या आकड्यांचे आपल्याला काय? वर्षाअखेरीला रुग्णालय मोजते ते हेच आकडे. आपल्या मुलीच्या कागदावर "रक्तक्षय" असेल तर ती रक्तक्षयाच्या ढिगात जाते. शिशाच्या रकान्यात शून्य राहते. मग वरचे म्हणतात, या भागात शिशाचा प्रश्नच नाही. नोंद नाही म्हणून तपासणी नाही आणि तपासणी नाही म्हणून नोंद नाही.

नोंद काय करू शकते ते अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात दिसले. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचे, गरीब शहर. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये तिथले पाणी बदलले. नव्या पाण्याने जुन्या नळांतले शिसे सुटू लागले. लोक तक्रार करत होते, अधिकारी पाणी चांगले आहे म्हणत होते. मग मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णालयात आधीच नोंदलेले मुलांचे रक्ताचे अहवाल काढले. पाच वर्षांखालील मुलांत ५ किंवा त्याहून जास्त शिसे असलेल्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. आधी त्यांनाच खोटे ठरवण्याचा प्रयत्न झाला, पण महिनाभरात शहराचे पाणी पुन्हा बदलावे लागले. तपासण्या झाल्या होत्या, नोंदी होत्या, म्हणूनच ते शक्य झाले.

कामगारासाठीही कागद मोलाचा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळवायच्या आजारांत धरली. यादीत पहिले नाव तिचेच होते. भरपाईच्या कायद्यातही ती कामातून होणारा आजार म्हणून मान्य आहे. पण कागदावर नुसते "पोटदुखी" असेल तर भरपाई कशाच्या आधारावर मागणार? शेड नोंदणीकृत नसेल तर लढाई आणखी अवघड, आणि कागद आणखी गरजेचा.

आपण काय करायचे?

दवाखान्यात गेल्यावर काम आधी सांगा. "डॉक्टर, घरात बॅटरी फोडण्याचे काम आहे. मुलीच्या रक्तातले शिसे तपासता येईल का?" एवढे एक वाक्य पुरे. भंगार, डाग देणे, रंगकाम, धातू वितळवणे असे काही असेल तर तेही सांगा. केसपेपरवर कामाचा उल्लेख लिहून घ्या. जवळ सोय नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याची चिठ्ठी मागा. विम्याचे ईएसआय कार्ड असेल तर तिथेही हेच सांगा. अहवाल फेकू नका, एका पिशवीत सांभाळा.

घरात ही काळजी घ्या:

कामाचे कपडे आणि चपला घराबाहेर बदला. अंघोळ झाल्याशिवाय लेकराला उचलू नका. ते कपडे वेगळे धुवा.

कोरडा झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.

बॅटरीचे आणि रंगाचे रिकामे डबे पाण्याला वापरू नका. नवा रंग घेताना डब्यावर शिसे ९० पीपीएमपेक्षा कमी असल्याची नोंद पाहा. तो नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे.

भडक पिवळ्या सुट्या हळदीत शिशाचा रंग मिसळलेला असू शकतो. जमेल तेव्हा हळकुंडे आणून दळून घ्या. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म. कोणाच्याही सांगण्यावरून भस्म देऊ नका.

नाचणी, शेवग्याचा पाला, डाळी, तीळ आणि वर लिंबू हा आहार शिशाचे शोषण कमी करायला मदत करतो. पण तो तपासणीची जागा घेत नाही.

पोट भरण्यासाठी काम सोडता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून काम सोडा असे कुणाला सांगणार नाही. पण एकाच शेडमधल्या चार घरांनी मिळून मुलांच्या तपासणीचा अर्ज दिला, तर दवाखान्याला तो बाजूला ठेवणे जड जाईल. रविवारी विहारात जमलात की ही यादी करा: कोणत्या घरात कोणते काम, किती लहान मुले, कोण गरोदर. आपल्या लेकरांची नोंद आपल्या वहीत तरी असू द्या. दवाखान्याच्या वहीत ती तिथूनच जाईल.