गाडीचा सेल्फ का लागत नाही?

समजा, तुमच्या आजोबांकडे एक जुनी मोटरगाडी आहे. पहाटेची वेळ आहे. आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन असल्याने आठ वाजेपर्यंत तालुक्याच्या रुग्णालयात पोचायचे आहे. सगळे गाडीत बसले. आजोबांनी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि पुढे सारे शांत! पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा ‘टक्’.

शेजारचे काका बाहेर आले आणि म्हणाले, “बॅटरी गेली असणार. नवी टाका.” पण आजोबांनी मागच्याच महिन्यात काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसवली होती. हॉर्न खणखणीत वाजत होता, दिवेही लख्ख लागत होते. अखेर चौघांनी मिळून गाडी ढकलली, आजोबांनी गिअर टाकला आणि इंजिन चालू झाले.

आजी वेळेवर पोचली खरी. पण परत येताना पुन्हा ढकलायला माणसे कुठून आणायची? बॅटरी नवी, दिवे ठीक, इंजिनही ठीक, तरी सेल्फ लागत नाही. असे का व्हावे? हे कोडे सोडवायला तुमच्या शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम पुरेसा आहे.

थोडा वेळ, पण मोठा प्रवाह

पूर्वी मोटरगाडीचे इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. त्यात ताकद लागे आणि धोकाही असे. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचे मनगटही मोडे. १९११ साली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने गाडीतल्या बॅटरीवर चालणारा, व्यवहारात उपयोगी पडणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. केटरिंगने याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. काही क्षणच काम करायचे असेल, तर लहान मोटरीकडूनही खूप जोर काढून घेता येतो, हे त्याला त्या कामातून ठाऊक झाले होते. हीच युक्ती त्याने येथे वापरली.

आपले मिस्त्री ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच स्टार्टर. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन फिरवताना तो सुमारे १५० अँपिअर प्रवाह घेतो. १० व्होल्ट दाबाला १५० अँपिअर म्हणजे १,५०० वॅट, म्हणजे १०० वॅटचे पंधरा दिवे एकदम लावण्याइतकी शक्ती! याउलट गाडीच्या पुढच्या एका दिव्याला जेमतेम ४ अँपिअर पुरतात. या दोन आकड्यांमधल्या फरकातच आपल्या कोड्याचे उत्तर दडलेले आहे.

सांध्यातला चोर

बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाड तार असते. तिच्या टोकाशी, जिथे धातूला धातू टेकतो तिथे, गंज चढला किंवा नट सैल झाला, तर सांध्याचा रोध वाढतो. समजा, तो फक्त ०.०२ ओहम झाला. एक ओहमाचा पन्नासावा भाग! एवढ्याशा रोधाने काय बिघडणार, असे तुम्हांला वाटेल. आता गणित करून पाहा.

ओहमचा नियम सांगतो की, सांध्यात खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. त्या सांध्यातून दिव्याचा ४ अँपिअर प्रवाह गेला, तर ४ × ०.०२ = ०.०८ व्होल्ट. बारा व्होल्टांतून एवढे गेले तर दिव्याला पत्ताही लागत नाही. पण १५० अँपिअर न्यायचे झाले, तर १५० × ०.०२ = ३ व्होल्ट! बॅटरीच्या दाबाचा चौथा हिस्सा वाटेतच गडप. (रोध वाढला की प्रवाहही काहीसा घटतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण मुद्दा तोच राहतो.)

अरुंद बोळातून एकटादुकटा माणूस सहज जातो. गणपतीची मिरवणूक मात्र तिथे अडकते. दिवा हा एकटा माणूस आहे आणि स्टार्टर ही मिरवणूक. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे तारा ठीक आहेत’ हे अनुमान चुकीचे ठरते. गाडी ढकलून सुरू झाली तीही याच कारणाने. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला थोडेच अँपिअर लागतात. तेवढे तिला मिळत होते.

आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर १५० अँपिअर प्रवाह किल्लीतून जात नाही. गेला तर तिच्या बारीक तारा जळूनच जातील. किल्लीतून जाणारा लहान प्रवाह सोलेनॉइड नावाच्या विद्युत्चुंबकाकडे जातो. तो चुंबक आतला दांडा ओढतो, तांब्याचे दोन जाड संपर्कबिंदू जोडले जातात आणि मोठा प्रवाह स्टार्टरकडे धावतो. म्हणजे इथे दोन मंडले आहेत : एक हुकूम देणारे, दुसरे काम करणारे. बिघाड कोणत्या मंडलात आहे, हे बऱ्याचदा कानानेच कळते.

काहीच आवाज आला नाही, तर हुकूमच पोचलेला नाही. किल्लीचे स्विच, तिथून निघालेली बारीक तार किंवा सोलेनॉइडचे वेटोळे यांत दोष शोधावा.

‘टक्’ असा एकच आवाज आला, तर हुकूम पोचला, दांडाही ओढला गेला. पण मोठा प्रवाह पुरेसा गेला नाही किंवा खुद्द मोटरीतच दोष आहे.

‘टक टक टक टक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली असण्याचा किंवा तिच्या टोकाचा सांधा खराब असण्याचा संभव अधिक. असा आवाज का येतो? दांडा ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, दाब एकदम कोसळतो, चुंबक दुबळा होऊन दांडा सुटतो. मोटर बंद पडताच दाब परत चढतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. विजेची घंटा वाजते ती अशाच ओढण्या-सोडण्याच्या चक्राने!

आता पुढचे दिवे लावून किल्ली फिरवा. दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरीवर किंवा तिच्या टोकांवर संशय घ्या. (मोटर अडकली असली तरी असे होते.) दिवे जवळजवळ तसेच राहिले आणि मोटर हलली नाही, तर प्रवाह पुढे कुठेतरी अडला आहे.

व्होल्ट कुठे हरवले?

आजोबांच्या गाडीने एकच ‘टक्’ केले होते. आता प्रत्यक्ष मोजमाप करू. हे काम जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच करायचे. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक तार काढून ठेवलेली. हातात अंगठी किंवा धातूचे कडे नको. बॅटरीजवळ काडी पेटवायची नाही, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त मारायचा नाही.

येथे एक चूक पुष्कळजण करतात. ते तार काढून मल्टिमीटरने तिचा रोध मोजतात. मीटर शून्य दाखवतो आणि तार निर्दोष ठरते! पण साधा मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडून रोध मोजतो. ओहमाचा पन्नासावा भाग त्याला नीट दिसत नाही. तारेतल्या शंभर धाग्यांपैकी तीनच शाबूत असले, तरी तो ‘ठीक’ म्हणेल. मिरवणूक अडते का, हे मिरवणूक चालू असतानाच कळणार. म्हणून किल्ली फिरवलेली असतानाच निरनिराळ्या दोन बिंदूंमधला दाब मोजायचा.

किल्ली न फिरवता बॅटरीचा दाब आला १२.६ व्होल्ट. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणजे बॅटरी भरलेली आहे. एकाने किल्ली फिरवून धरली, दुसऱ्याने आकडे टिपले :

बॅटरीच्या दोन टोकांमध्ये : ११.४ व्होल्ट
बॅटरीचे धन टोक ते स्टार्टर : ०.३ व्होल्ट
स्टार्टरच्या दोन टोकांमध्ये : ८.२ व्होल्ट
इंजिनाचा धातू ते बॅटरीचे ऋण टोक : २.९ व्होल्ट

०.३, ८.२ आणि २.९ यांची बेरीज करा. बरोबर ११.४! जर्मन शास्त्रज्ञ किरखोफ याने १८४५ साली मांडलेला नियम हेच सांगतो : बॅटरीने दिलेला दाब मंडलात कुठे ना कुठे खर्ची पडलाच पाहिजे. हिशेबाच्या वहीत पैसे कुठे गेले ते शोधावे, तसे आपण व्होल्ट शोधले. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टाहून जास्त खर्च होऊ नये, असा ढोबळ नियम आहे. येथे २.९ व्होल्ट परतीच्या वाटेवर गेले.

परतीची वाट

ही परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच! ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार लागत नाही. (ब्रिटिश बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत मात्र धन टोक सांगाड्याला जोडलेले असे.) पण इंजिन बसलेले असते रबराच्या ठोकळ्यांवर, आणि रबर तर दुर्वाहक! म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. मिस्त्री तिला ‘अर्थची पट्टी’ म्हणतात. ती गाडीखाली चिखलपाण्यात असते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

ही पट्टी पार तुटली तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. स्टार्टरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि इंजिनाला सांगाड्याशी जोडणाऱ्या चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जाऊ पाहतो. ती तार तापते, कधी तिच्यातून धूरही निघतो. सेल्फ मारताना चोकची तार गरम लागली, तर निदान झालेच म्हणून समजा.

आजोबांनी प्रथम बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार सोडवली. ती आधी का? दुसरे टोक आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला, तर मंडल पूर्ण होऊन मोठी ठिणगी उडते. मग पट्टी काढली. तिच्या टोकांवर हिरवट थर होता आणि बोल्टाखाली लाल गंज. पॉलिश कागदाने धातू चकाकेपर्यंत घासला आणि पट्टी घट्ट आवळली. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. ती आम्लामुळे तयार होते आणि सोडा आम्लाला उदासीन करतो. सांधे कोरडे करून जोडले आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली.

पुन्हा मापे घेतली. परतीच्या वाटेवर ०.२ व्होल्ट, धन बाजूला ०.४, स्टार्टरवर १०.२. इंजिन झपाट्याने फिरू लागले! पण बॅटरीच्या टोकांवर मात्र आता १०.८ व्होल्टच दिसले, म्हणजे आधीपेक्षा कमी. हे कसे? वाट मोकळी झाल्याने प्रवाह वाढला, आणि बॅटरीच्या स्वतःच्या अंतर्गत रोधातही थोडा अधिक दाब खर्ची पडला. हा आकडा ९.६ च्या खाली गेला असता, तर बॅटरीवर संशय घ्यायला हवा होता.

सारा खर्च आला पॉलिश कागदाच्या एका तुकड्याचा. मागच्या महिन्यात काढलेली जुनी बॅटरीही कदाचित चांगलीच असेल! ती बदलताना टोके साफ झाली, त्यामुळे गाडी चार दिवस बरी चालली आणि सगळ्यांना वाटले की रोग सापडला.

करून पाहा

टॉर्चचे दोन सेल आणि आत तार असलेले जुन्या पद्धतीचे टॉर्चचे तीन बल्ब घ्या. बल्ब समांतर जोडा. सेल आणि बल्ब यांच्या दरम्यान पेन्सिलीच्या शिशाचा छोटा तुकडा जोडा. हा आपला गंजलेला सांधा. आधी एकच बल्ब लावा, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी बल्बांच्या उजेडाचे काय होते? आता शिसे काढून तिथे जाड तार लावा आणि तेच पुन्हा करा. दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी लिहा. दोष सांध्यात होता, मग तो एका बल्बाने का दाखवला नाही आणि तिघांनी का दाखवला? हे उत्तर तुमच्या शब्दांत लिहिता आले, की आजोबांच्या गाडीचे कोडे तुम्ही सोडवलेत म्हणून समजा.