एका निळ्याची पानं

समुद्रशेवाळ हिरवं असतं, तांबूस असतं, तपकिरीही असतं. पण इंग्लंडमधल्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ साली शेवाळांच्या चित्रसंग्रहाचा पहिला भाग काढला, तेव्हा त्याचं पानन् पान निळं होतं. पुढची दहा वर्षं त्या हेच काम करत राहिल्या आणि सुमारे चारशे निळी पानं तयार झाली. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक असा मान आज या संग्रहाला दिला जातो. एकाच रंगात पानं मांडू पाहणाऱ्या कुणालाही यापेक्षा चांगला गुरू मिळायचा नाही.

हा निळा त्यांनी हौसेने निवडला नव्हता, तो पद्धतीतूनच आला होता. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप शोधून काढला. दोन लोहयुक्त रसायनांचं मिश्रण कागदावर कुंचल्याने फासायचं, अंधारात सुकवायचं, त्यावर वाळलेलं शेवाळ पसरून वर काच दाबायची आणि कागद उन्हात ठेवायचा. मग नुसत्या पाण्यात धुवायचा. ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो, शेवाळाखालचा कागद पांढरा राहतो. जिथे शेवाळ पातळ, तिथे थोडं ऊन झिरपतं आणि आकाशी छटा उतरते. अ‍ॅटकिन्स यांनी शेवाळांची नावंही हाताने लिहून याच रीतीने उमटवली, त्यामुळे अक्षरं आणि चित्र एकाच अंगाची वाटतात. रंग एकच, पण त्याच्या पायऱ्या अनेक. या पानांची सगळी किमया त्या पायऱ्यांत आहे.

स्क्रॅपबुक करणाऱ्याची गाडी अडते ती नेमकी इथे. रंग निळा ठरला की निळा कागद, निळी फीत, निळी फुलं असं सगळं एकाच गडदपणाचं गोळा होतं आणि पान सपाट दिसतं. साडीच्या दुकानात ‘निळ्यातली दाखवा’ म्हटलं की आकाशी, चिंतामणी, शाईसारखी गर्द अशी चळत समोर येते. पानालाही तशीच चळत हवी: निदान एक फिकट, एक मधली आणि एक गडद छटा. तपासायची सोपी युक्ती म्हणजे जुळवलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं, तर अजून काहीतरी बदलायला हवं.

उरलेलं काम पोत करतो. गुळगुळीत कार्डशीटवर खरखरीत हातकागद, त्यावर जुन्या सुती साडीच्या काठाचा तुकडा, कडेने धावदोऱ्याचे टाके. रंग तोच असला तरी प्रत्येकावर उजेड वेगळा पडतो.

खरी कसोटी फोटोंची. नवरात्रात लोकलच्या डब्यात किंवा ऑफिसात सगळ्याजणी त्या दिवसाच्या रंगात नटून फोटो काढतात. नऊ दिवसांची नऊ एकरंगी पानं करायला याहून चांगलं निमित्त नाही. पण निळ्या साड्यांच्या रांगेमागे नेमकी लाल प्लास्टिकची खुर्ची असते, आणि डोळा आधी तिच्यावर जातो. तिथे फोटो कापून घ्यावा, नाहीतर सरळ कृष्णधवल छापावा. आजी-आजोबांच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये हे आपसूकच साधलेलं असे: काळं पान, राखाडी फोटो, चार कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण आणि मध्ये बटर पेपर. पिवळसर पडलेल्या जुन्या फोटोंना मात्र बदामी, कॉफी, चटणी या रंगांची संगत जास्त मानवते.

कागद घेताना तो आम्लरहित आणि लिग्निनरहित आहे का, हे बघावंच. लिग्निनमुळेच वर्तमानपत्राचं कात्रण थोड्याच वर्षांत पिवळं पडतं. म्हणून कात्रणाची प्रत काढून ती चिकटवावी आणि मूळ कात्रण वेगळं ठेवावं.

सायनोटाइपची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला अल्कधर्मी कागद सोसत नाही, त्यामुळे आम्लरहित कागदातही अल्कधर्मी भर नसलेलाच त्याच्यासाठी निवडावा लागतो. भर उजेडात टांगला तर त्याचा निळा फिका पडतो. पण तोच कागद अंधाऱ्या कपाटात ठेवून दिला, तर उडालेला निळा बराचसा परत येतो.