वाजवा रे वाजवा, पण कान सांभाळून

आपल्याकडे वाद्यावाचून कोणतेही कार्य पार पडत नाही. लग्नाला सनई-चौघडा, वरातीला बँड, भजनाला टाळ-मृदंग आणि गणपतीला ढोल-ताशा हवाच. लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नांनी १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव फोफावला, तेव्हा मेळ्यांची गाणी हे त्याचे मोठे आकर्षण होते. २०२५ मध्ये राज्य शासनाने या उत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. उत्सव आपलाच आहे, हे आधीच सांगतो. कारण आवाजाबद्दल डॉक्टरने तोंड उघडले की तो उत्सवाच्याच विरुद्ध आहे, असा पुष्कळांचा समज होतो.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात ठराविक तक्रारी येऊ लागतात. "कानाला दडे बसलेत", "कानात सारखी शिट्टी वाजतेय", "डोकं जड झालंय". बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते आणि ते विसरून जातात. खरा धोका या विसरण्यातच आहे.

आपल्या कानाच्या अगदी आतल्या भागात शंखाच्या आकाराचा एक इवलासा अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि तो संदेश मेंदूकडे जातो. शेतकरी वाचकांना सांगायचे तर हे ज्वारीचे उभे पीक समजा. मंद वाऱ्याने ते डोलते. जोराच्या वाऱ्याने वाकते, पण पुन्हा उभे राहते. वादळ वरचेवर आले की आडवे पडते ते कायमचे. फरक इतकाच, की ज्वारी पुढल्या हंगामात पुन्हा पेरता येते, माणसाच्या कानातली केशपेशी मेली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काळ राहू नये, असा कामगारांसाठीचा एक सर्वमान्य दंडक आहे. पुढचा हिशेब मात्र नीट लक्षात घ्या. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, आणि १०० ला अवघी १५ मिनिटे! ढोल-ताशाच्या ताफ्यात मधोमध उभे राहिले किंवा ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ नाचले, तर आवाज सहज शंभराच्या वर जातो. मिरवणूक तर पाच-सहा तास चालते. कानाला आरती, सिनेमाचे गाणे आणि जयंतीचा जयघोष यांतला भेद कळत नाही. त्याला फक्त जोर कळतो.

काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. पथकात ताशा वाजवायचा. उत्सवाआधी दोन महिने रोज संध्याकाळी दोन-तीन तास सराव. आईची तक्रार अशी, की "हाका मारल्या तर ओ देत नाही, टीव्ही मोठ्यानं लावतो." श्रवणचाचणीत ४,००० हर्ट्झच्या जागी आलेख खाली गेलेला होता. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ही ठळक खूण. मुलगा सैन्यभरतीची तयारी करत होता आणि तेथे कानांचीही तपासणी होते. "पथक सोडावं लागेल का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटले, "तूर्त कानांना पूर्ण विश्रांती दे. पुढे वाजवायचं असेल तर कानात बुचं घालूनच वाजव. गेलेलं परत आणता येणार नाही, उरलेलं राखू या."

असा माणूस ठार बहिरा होत नाही. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. स, श, च, क ही बारीक व्यंजने आधी निसटतात. 'सात' म्हटले की 'साठ', इतका घोटाळा होतो. गर्दीत बोलणे समजेनासे होते. गाण्यातल्या बारीक जागा हरवतात. म्हणजे ज्या हौसेपायी कान झिजवले, त्या हौसेलाच माणूस मुकतो.

वाचकहो, पुढील गोष्टी पाळा :

१) हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज धोक्याचा आहे असे खुशाल समजा.

२) ध्वनिक्षेपकांपासून लांब उभे राहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत भिंतींमुळे एवढा फायदा होत नाही.

३) तान्ह्या व लहान मुलांना खांद्यावर बसवून भिंतीसमोर नेऊ नका. त्यांना त्रास सांगता येत नाही. हृदयविकार व रक्तदाबाच्या रुग्णांनीही लांब राहावे. मोठ्या आवाजाने नाडी व रक्तदाब वाढतो.

४) वादकांनी फोमची बुचे वापरावीत. बूच बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, बूच आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवावे. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग नाही.

५) अचानक एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. यातल्या काही प्रकारांत पहिल्या तीन दिवसांतले उपचार मोलाचे ठरतात. लसणाचे तेल घालून वाट पाहू नका.

६) कानातील शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, तर श्रवणचाचणी करून घ्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून फार तर १५ दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्या दिवशीही डेसिबलची मर्यादा सुटत नाही. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये, असेही त्यात पोलिसांना बजावले आहे.

परंतु शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करायला गावात कोण धजावतो? त्यापेक्षा मंडळाच्या पहिल्याच बैठकीत विषय मांडलेला बरा. भिंत भाड्याने आणण्याऐवजी लेझीम आणा, भजनी मंडळ बोलवा. ढोल-ताशा हवाच असेल, तर वर्गणीतून प्रत्येक वादकासाठी बुचांची एकेक जोडी घ्या. हारफुलांच्या खर्चापुढे तो खर्च अगदी किरकोळ आहे, आणि वादक पोरे आपल्याच घरातली आहेत.