दिवसाला ६,८४९ रुपये

महाराष्ट्रातल्या अनेक डीम्ड विद्यापीठांत एमबीबीएसची वर्षाची फी २५ लाखांच्या पुढे गेली आहे. आपण २५ लाखच धरू. ३६५ने भागलं की दिवसाला ६,८४९ रुपये पडतात, रविवार आणि दिवाळीची सुट्टी धरून! नागपूरला २०१८ साली सुरू झालेल्या एम्समध्ये अख्ख्या अभ्यासक्रमाचं शिक्षणशुल्क दहा हजारांच्या आत आहे. तिथे एक डॉक्टर घडतो तेवढ्या पैशांत इथे दीड दिवस जेमतेम निघतो. पुस्तकं तीच, पदवीही तीच.

साडेचार वर्षांचे होतात १ कोटी साडेबारा लाख. वसतिगृह, मेस वेगळं. एवढं कर्ज १० टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता १ लाख ८ हजारांवर जातो आणि फेड होते २ कोटी ६० लाखांची. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. आपल्याकडे शासकीय महाविद्यालयातल्या इंटर्नला महिना १८,००० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यातला एक रुपयाही खर्च न करता साठवला, तरी नुसती फी जमायला ५२ वर्षं लागतील.

म्हणून ऑक्टोबर २०२४ची बातमी मला फार मोठी वाटते. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, जालना अशा दहा ठिकाणच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्‌घाटन झालं. जागा ९००. शासकीय फी वर्षाला दीड लाख धरली, तर डीम्डच्या तुलनेत प्रत्येक जागेमागे १ कोटी ५ लाखांहून जास्त फरक पडतो. ९०० जागांचे झाले साडेनऊशे कोटी, आणि तेही एकाच बॅचचे. शिवाय शंभर जागांच्या महाविद्यालयाला चारशेहून जास्त खाटांचं रुग्णालय लागतं, ते त्या जिल्ह्याला मिळतं. तिथे प्राध्यापक टिकवणं कठीण आहे, पण त्यासाठी सरकारने हात आखडता घेऊ नये.

२०१४मध्ये देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालयं होती, २०२४मध्ये ७८० झाली. यातल्या किती जागा सामान्य घराला परवडतात, हा आकडा मात्र कुणी ठळकपणे सांगत नाही. खासगी आणि डीम्डमधल्या निम्म्या जागांना शासकीय महाविद्यालयाइतकीच फी लावावी, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारी २०२२मध्ये म्हटलं होतं. १५० जागांच्या एखाद्या डीम्ड महाविद्यालयात ते खरोखर लागू झालं, तर एका बॅचमध्ये ७५ घरांचे मिळून ७९ कोटी वाचतील.