पेंग्विनचा कोड आणि खोटी चिठ्ठी

काठी गावची होळी पेटते ती पहाटे. तोवर रात्रभर ढोल वाजतात. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्ये नाचत राहतात. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावात फाल्गुन पौर्णिमेला अख्खा सातपुडा उतरतो. त्या गर्दीच्या कडेला एका दगडावर तीन पोरं फोनमध्ये मान घालून बसली होती. फोन एक, डोकी तीन. खेळ प्राणिसंग्रहालयाचा: पिंजरे बांधा, प्राणी आणा, तिकिटं विका. माझ्या चष्म्यामुळे मी मास्तर असणार असं समजून त्यातल्या एकाने विचारलं, "सर, हा कोड बघा ना. मित्राला लागला, त्याला पेंग्विन मिळाला. आम्हाला लागतच नाही."

मी पाहिला. आठही अक्षरं बरोबर होती. खाली तांबड्या अक्षरांत लिहून येत होतं की हा कोड वापरून झाला आहे.

कोड म्हणजे किल्ली, अशी पोरांची समजूत होती. किल्ली कोणाच्याही हातात असो, कुलूप उघडलंच पाहिजे. खरं तर कोड चेकच्या जास्त जवळचा. चेकच्या कागदात पैसा नसतो, तो बँकेच्या वहीत असतो. एकदा वटलेल्या चेकची झेरॉक्स घेऊन कितीही वेळा रांगेत उभं राहा, उपयोग नाही. खेळातला पेंग्विनही त्या आठ अक्षरांत दडलेला नसतो. आपण कोड टाकला की फोन ती अक्षरं आणि आपला खेळाडू क्रमांक कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथल्या वहीत पाहिलं जातं: असा कोड काढला होता का? मुदत संपली का? एकासाठी होता की सगळ्यांसाठी? या खेळाडूने तो आधीच घेतला का? सगळं जुळलं तर 'दिला' अशी नोंद होते आणि पेंग्विन खात्यात जमा होतो. या दोन गोष्टी एकाच दमात व्हाव्या लागतात. त्यांच्यामध्ये क्षणाची जरी फट राहिली, तरी दोन फोनवरून एकाच वेळी बटण दाबणारे दोघे एकाच कोडवर दोन पेंग्विन नेतील. सणावाराला सगळ्यांसाठी जाहीर होणारे कोड वेगळे. ते एखाद्या साध्या शब्दाचेही चालतात, कारण तिथे गुपित काहीच नसतं. मुदत आणि 'एका खेळाडूला एकदाच' एवढीच अट.

"मग आम्हीच एक बनवला तर?" दुसऱ्याने विचारलं. प्रश्न चांगला होता, म्हणून तिथेच हिशेब मांडला. अशा कोडात बहुधा दहा अंक आणि इंग्रजी मुळाक्षरं असतात. पण शून्य आणि ओ, एक आणि आय यांत गल्लत होते, म्हणून काही अक्षरं गाळण्याची पद्धत आहे. डग्लस क्रॉकफर्ड या संगणकतज्ज्ञाने मांडलेल्या प्रसिद्ध यादीत आय, एल, ओ आणि यू ही चार अक्षरं नाहीत. (यू गाळला तो चुकून अचकट शब्द तयार होऊ नयेत म्हणून. यंत्रालाही जनाची लाज.) उरली 32 चिन्हं. आठ जागा, प्रत्येक जागी 32 पर्याय: एकूण सुमारे 1 लाख 10 हजार कोटी कोड. त्यांपैकी कंपनीने समजा 10 हजार खरे म्हणून वहीत लिहिले, तर अंदाजाने टाकलेला एक कोड लागण्याची शक्यता 11 कोटींत एक. सेकंदाला एक कोड टाकत न झोपता बसलं, तर पहिला पेंग्विन सरासरी साडेतीन वर्षांनी. शिवाय पाच-सात चुकांनंतर सर्व्हर दार लावून घेतो. 'कोड बनवून देतो' म्हणणारी ॲप का खोटी असतात, ते इथेच कळतं. कोड कोणीही बनवील, वहीत कसा लिहिणार? त्यांना हवा असतो तुमचा नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी.

आकड्यांना अशी वही जोडण्याचं सर्वात मोठं काम याच नंदुरबार जिल्ह्यात सुरू झालं. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, तो नुसता राखणदार. ही रीत याकोबस व्हेर्हूफ या डच गणितज्ञाची, 1969 ची. माणसं आकडे लिहिताना कशा चुका करतात हे त्याने डच टपालखात्याच्या नोंदींवरून मोजलं. सुमारे ऐंशी टक्के चुकांत एकच अंक बदललेला होता, आणि त्याखालोखाल शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल. नुसती बेरीज करून ही अदलाबदल पकडता येत नाही, कारण 4 अधिक 7 काय आणि 7 अधिक 4 काय. व्हेर्हूफला असं गणित हवं होतं ज्यात क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि ते त्याला पंचकोनात सापडलं. पुठ्ठ्याचा पंचकोन कापा, कोपऱ्यांना पुढून-मागून खुणा करा. एक घर फिरवून मग उलटा करा. नंतर आधी उलटा करून मग एक घर फिरवा. खुणा वेगवेगळ्या जागी येतील. फिरवण्याच्या आणि उलटण्याच्या अशा एकूण दहा स्थिती होतात, म्हणजे अंकांइतक्याच. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की ही रीत हमखास ओरडते. पण आकडा नीट उतरवला आहे, यापलीकडे ती काही सांगत नाही. तो कोणाचा, हे वहीलाच विचारावं लागतं.

आणि वहीच खोटी असली तर? त्याचा किस्साही इथलाच.

रानपिंगळा हे सागाच्या रानात राहणारं, भरदिवसा शिकार करणारं छोटं घुबड. पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूमने 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. जगातल्या संग्रहालयांत मिळून सातच कातडी होती. सातव्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेनचं नाव होतं: गुजरातमधलं मांडवी, साल 1914. पक्ष्याचा कोड म्हणावा अशी ही चिठ्ठी, आणि पुढे कोणालाच न दिसलेल्या या पक्ष्याची शेवटची नोंद म्हणून अभ्यासक तिच्यावर विसंबले.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी ते कातडं बारकाईने तपासलं. प्रत्येक संग्राहकाची पक्षी पेंढा भरून ठेवण्याची स्वतःची धाटणी असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. नव्याने भरलेल्या त्या कातड्यात डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. नमुना चोरलेला, चिठ्ठी बनावट. म्हणजे शेवटची खरी नोंद 1914 ची नव्हे, 1884 ची, आणि मांडवीला शोधण्यात अर्थ नाही. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवी सोडून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. पूर्वेकडे काही मिळालं नाही. मग ते शहाद्याजवळ आले. नोव्हेंबर 1997 मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, एका निष्पर्ण फांदीवर, लख्ख उन्हात रानपिंगळा बसला होता. 113 वर्षांनी वही आणि पक्षी जुळले.

मला या गोष्टीतली सर्वात मोलाची वाटते ती चिकाटी नव्हे, चिठ्ठीवरचा संशय.

खेळ बनवणाऱ्यांना मात्र आपण संशय घ्यावा असं मुळीच वाटत नाही. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने कबुतरांवर दाखवून दिलं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्‌झने माकडांच्या मेंदूत पाहिलं की डोपामिनच्या पेशी सर्वात जोरात चेततात त्या अनपेक्षित बक्षिसाला. कोड शोधणं त्याच जातीचं. दहा लागत नाहीत, अकरावा लागतो आणि बारावा शोधायची तयारी होते.

पहाट झाली, होळी पेटली, ढोलांचा आवाज टिपेला गेला. पोरांना तोवर दुसरा कोड लागला होता आणि त्यांच्याही पिंजऱ्यात पेंग्विन हिंडत होता. मी त्यांना शहाद्याच्या त्या घुबडाची गोष्ट सांगितली. धाकट्याने नीट ऐकून घेतली आणि फोन माझ्याकडे वळवत विचारलं, "सर, तो किती कॉइनला येतो?"